चित्र दुसऱ्याचें, ओळ आमची

एखाद्या चित्राखालीं चार शब्दांची ओळ लिहावी आणि पाहणाऱ्यास हंसवावें, हा उद्योग दिसावयास सोपा आहे. तो किती कठीण आहे हें ज्यानें एकदां मन लावून करून पाहिला असेल त्यासच ठाऊक. ओळ लांबली कीं विनोद मरतो. फार तोकडी झाली तर समजत नाहीं. आणि चित्रांत जें डोळ्यांना दिसतच आहे तेंच पुन्हां सांगितलें तर वाचणारा जांभई देतो. चित्रानें एक गोष्ट सांगावी, ओळीनें दुसरीच सांगावी, आणि त्या दोहोंची अवचित गांठ पडून हंसूं फुटावें, हें या कलेचें मर्म आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांस हें मर्म कोणीं न शिकवितां साधलें आहे. निबंधाची वही कोरी ठेवणारा मुलगा मोबाईलवर आलेल्या चित्राखालीं पांच शब्दांत अशी ओळ लिहितो कीं, मराठीच्या शिक्षकांनींही मान डोलवावी. या उद्योगास हल्लीं 'मीम' करणें असें म्हणतात. यंदा आमच्या शाळेंत त्यावरून जें घडलें, त्यामुळें या विषयावर चार शब्द स्पष्टपणें लिहिणें आम्हांस आपलें कर्तव्य वाटतें.

'मीम' हा शब्द रिचर्ड डॉकिन्स या प्राणिशास्त्रज्ञानें १९७६ सालीं 'द सेल्फिश जीन' या आपल्या ग्रंथांत बनविला. अनुकरणानें एका मनांतून दुसऱ्या मनांत जाणारी कल्पना, चाल किंवा लकब यांस त्यानें हें नांव दिलें. अनुकरणवाचक ग्रीक शब्दावरून तें त्यानें घेतलें होतें. पुढें इंटरनेटवर एकच चित्र घेऊन प्रत्येकानें त्यावर आपापली ओळ लिहावयाची चाल पडली, आणि सामान्य लोकांच्या तोंडीं या शब्दाचा तेवढाच अर्थ उरला. जपानांतील साकुरा शहरीं आत्सुको सातो या बालवाडीच्या शिक्षिकेनें २०१० सालीं आपल्या काबोसू नांवाच्या कुत्रीचें एक छायाचित्र काढलें. कुत्री बैठकीवर बसून तिरक्या डोळ्यांनीं पाहत आहे, एवढेंच त्यांत आहे. पण त्या एका नजरेखालीं देशोदेशींच्या लोकांनीं असंख्य ओळी लिहिल्या. काबोसू २०२४ च्या मे महिन्यांत मरण पावली. तिची नजर मात्र अद्याप लोकांना हंसवीत आहे. क्रिकेटप्रेमी वाचकांस दुसरें उदाहरण अधिक जवळचें वाटेल. १२ जून २०१९ रोजीं इंग्लंडांतील टाँटन येथें ऑस्ट्रेलिया आणि पाकिस्तान यांचा विश्वचषकाचा सामना चालू असतां एक झेल सुटला, आणि कमरेवर दोन्ही हात ठेवून उभा असलेला एक हताश प्रेक्षक दूरचित्रवाणीवर क्षणभर दिसला. मोहम्मद सारिम अख्तर हें त्याचें नांव. निकाल लागलेला विद्यार्थी, भाजी करपलेली गृहिणी, पगाराची वाट पाहणारा कारकून, या साऱ्यांस त्या चेहऱ्यांत आपलें दुःख दिसलें. त्या गृहस्थानेंही हा सारा प्रकार खेळाडू वृत्तीनें घेतला.

ही हौस परदेशांतून आली असें समजून नाक मुरडणाऱ्यांस आम्ही नम्रपणें सांगूं इच्छितों कीं, चित्र आणि शब्द यांची जोडी मराठीस नवी नाहीं. एकोणिसाव्या शतकांत ठाण्याहून 'हिंदू पंच' हें थट्टेस वाहिलेलें पत्र निघत असे. १९२० सालीं सुरू झालेल्या 'किर्लोस्कर खबर' मासिकाचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे स्वतः व्यंगचित्रें काढीत. १९२५ सालीं जन्मलेले शि. द. फडणीस यांनीं तर शब्दांवांचून हंसविण्याची विद्या साध्य केली; त्यांच्या 'हंसरी गॅलरी'समोर उभा राहणारा मनुष्य एकही अक्षर न वाचतां हंसतो, आणि कधीं कधीं कांहींच न लिहिणें हीच उत्तम ओळ असते हें शिकून परत जातो. आजचीं मुलें १९८८ सालच्या 'अशी ही बनवाबनवी' या चित्रपटांतील प्रसंगांवर ओळी रचितात. तो चित्रपट निघाला तेव्हां त्यांपैकीं कोणाचाही जन्म झालेला नव्हता. आजोबांचा विनोद नातवाच्या हातीं असा ताजा राहत असेल तर त्यांत वाईट काय आहे?

तेव्हां या कलेस आमचा विरोध नाहीं, हें प्रथम सांगून आम्ही मूळ हकीकतीकडे वळतों.

दिवाळीच्या सुटीनंतरची गोष्ट. हर्णे बंदरांतील संध्याकाळचा लिलाव आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिलेला आहे. होड्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर थांबतात, बैलगाड्या पाण्यांत शिरतात, पापलेट, सुरमई, कोळंबी यांच्या टोपल्या वाळूवर उतरतात, आणि मग जो गलबला उठतो त्यांत शेजारच्याचें बोलणेंही ऐकूं येत नाहीं. अशा एका संध्याकाळीं आमच्या नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें तेथें बसलेल्या एका वृद्ध कोळणीचें छायाचित्र काढलें. डावा हात टोपलीवर, उजवा हात आभाळाकडे, तोंड उघडें, डोळ्यांत अंगार. चित्र खरोखर उत्कृष्ट होतें. त्या रात्रीं तें वर्गांतील सर्वांच्या मोबाईलवर गेलें, आणि ओळींचा पाऊस पडूं लागला.

'कोण तो, ज्यानं बाईंना गृहपाठाची आठवण करून दिली?' ही पहिली ओळ. 'पांच मिनिटांत उठतो म्हणालास, त्याला तास झाला!' ही दुसरी. 'मी सगळा अभ्यास केला होता, प्रश्नच चुकीचे आले!' ही तिसरी. अशा आठदहा ओळी झाल्या. त्या आमच्याही पाहण्यांत आल्या. आम्ही मनसोक्त हंसलों, आणि शिक्षकांच्या खोलींत त्या मोठ्यानें वाचूनही दाखविल्या. पुढें काय होतें तें पाहण्याचें मात्र आम्हांस सुचलें नाहीं. हा दोष आमचा आहे, आणि तो येथें कबूल करितों.

पुढें असें झालें कीं, नव्या ओळी सुचेनाशा झाल्या, पण हंसण्याची भूक राहिली. मग कोणीं तरी त्या बाईच्या पडलेल्या दातांवर ओळ लिहिली. दुसऱ्यानें तिच्या धंद्याच्या वासावर लिहिली. तिसऱ्यानें तिच्या जातीच्या बोलण्याची नक्कल केली. त्या ओळी आम्ही येथें देत नाहीं. चार दिवसांत त्या आंजर्ले, मुरुड, दापोली येथपर्यंत जाऊन पोहोंचल्या, आणि वाटेंत प्रत्येकानें त्यांत थोडी थोडी भर घातली.

त्याच वर्गांत पाजपंढरीहून येणारा त्या बाईचा नातू होता. पहिल्या ओळींना तोही हंसला होता. किंबहुना गृहपाठाची ती पहिली ओळ त्याचीच होती! आजीचा आवाज त्याच्याइतका कोणास ठाऊक असणार? परंतु दातांची ओळ आली तेव्हां तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशीं त्यानें बाक बदलला. घरांतील मोबाईल तो आजीच्या हातीं लागूं देईना. अभ्यासाच्या निमित्तानें रात्रीं उशाखालीं घेऊन निजे. त्याच्या आईनें शाळेंत येऊन याचें कारण विचारलें, तेव्हां आम्हांस सारा प्रकार कळला.

क्षमा मागावयाची असें ठरलें. वर्गांतील सहा विद्यार्थी आणि आम्ही असे एका रविवारीं सकाळीं त्या आजींच्या घरीं गेलों. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "आधी वाचून दाखवा बघू काय लिवलंय." पहिली ओळ वाचली, आजी हंसल्या. दुसरी वाचली, आजींनीं सुनेला हांक मारून ती तिला ऐकविली. अशा दहा ओळी झाल्या, आणि वाचणारा थांबला. "मग पुढं?" आजींनीं विचारलें. कोणीं बोलेना. ज्यानें दातांची ओळ लिहिली होती तो मोबाईल हातांत घेऊन उभा राहिला, ओंठ हलले, पण शब्द बाहेर पडेना. लिहितांना त्यास क्षणही लागला नव्हता. तीच ओळ त्या माणसापुढें उभें राहून उच्चारण्याचें बळ त्याच्या अंगीं नव्हतें. आजी बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "वाचू नको. कळलं."

त्या घरांत जो क्षणभर शांतपणा पसरला, त्यानें आम्हांस जें शिकविलें तें पुष्कळ व्याख्यानांनीं शिकविलें नसतें. चांगली ओळ आणि वाईट ओळ यांमधील भेद सांगावयास लांबलचक नियमावली नको. *जी ओळ चित्रांतील माणसापुढें उभें राहून वाचतां येते ती लिहावी; जी येत नाहीं ती लिहूं नये.* एवढी एक कसोटी पुरे आहे. पहिल्या दहा ओळींत त्या चेहऱ्यावरचा राग सर्वांचा झाला होता. प्रत्येकास त्यांत आपली आई, आपले शिक्षक किंवा आपण स्वतः दिसत होतों. पुढच्या ओळींत ती बाई एकटी पडली, आणि सारे तिच्याकडे बोट दाखवून उभे राहिले. चित्र तेंच होतें, हंसणेंही तेवढेंच मोठें होतें. पण पहिलें हंसणें तिच्यासह होतें, आणि दुसरें तिच्यावर.

हा अनुभव केवळ आमच्या गांवचा नव्हे. अमेरिकेंतील टेक्सास राज्यांतल्या लिझी वेलास्केझ या स्त्रीस जन्मतः असा विकार आहे कीं, तिच्या अंगीं वजन धरत नाहीं. ती सतरा वर्षांची असतां जगांतील सर्वांत कुरूप स्त्री अशा नांवाखालीं आपलीच चित्रफीत इंटरनेटवर फिरत असलेली तिनें पाहिली. पुढें २०१६ च्या डिसेंबरांत तिचें एक छायाचित्र, खालीं टवाळीची ओळ लिहून, गांवोगांव फिरूं लागलें. तेव्हां तिनें सर्वांस जाहीरपणें विनंति केली कीं, अनोळखी माणसाचें असें चित्र पाहून तुम्हांस हंसूं आलें, तरी त्या चित्रांतील माणसाला त्याच वेळीं नेमकें उलट वाटत असेल याची आठवण ठेवा. उलट पक्षीं, २००७ सालीं अमेरिकेंत समुद्रकिनाऱ्यावर काढलेलें एका तान्ह्या मुलाचें चित्र पाहा. त्याच्या मुठींत वाळू आहे आणि चेहऱ्यावर जग जिंकल्याचा भाव आहे. लोकांनीं त्याखालीं लहानसहान विजयांच्या ओळी लिहिल्या. २०१५ सालीं त्या मुलाच्या वडिलांस मूत्रपिंड बदलण्याच्या शस्त्रक्रियेसाठीं मदत हवी होती, तेव्हां त्याच चित्राच्या ओळखीनें पैसा उभा राहिला आणि शस्त्रक्रिया पार पडली. ज्या मुलानें आपल्याला हंसविलें, त्याच्या घरचें संकट लोकांना परकें वाटलें नाहीं.

आणि दुसऱ्यानें लिहिलेली ओळ कशी बोंचते हें हर्णेकरांना तरी सांगावें लागूं नये. आमच्या समोर समुद्रांत सुवर्णदुर्ग उभा आहे. २ एप्रिल १७५५ रोजीं इंग्रजांच्या कंपनीचा आरमारी सेनापति विल्यम जेम्स यानें तो तुळाजी आंग्रे यांजकडून घेतला. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीनें १७८४ सालीं लंडनजवळ शूटर्स हिल येथें एक त्रिकोणी मनोरा बांधिला. सेव्हर्नड्रूग हें त्याचें नांव सुवर्णदुर्गाचाच अपभ्रंश होय. त्या मनोऱ्यावरील लेखांत आमचा किल्ला मलबारच्या किनाऱ्यावर असल्याचें लिहिलें आहे. त्या काळीं इंग्रज लोक साऱ्या पश्चिम किनाऱ्यास मलबार म्हणत, हें खरें. परंतु येथील एकाही मनुष्यानें आपल्या किनाऱ्यास त्या नांवानें हांक मारलेली नाहीं. शिवाय किल्ला पडला तो एका वीराच्या पराक्रमानें, असें तो लेख सांगतो. बरोबर असलेल्या पेशव्यांच्या फौजेचा त्यांत उल्लेख नाहीं. किल्ला आमचा, ओळ त्यांची, आणि लिहितांना येथें कोणास विचारलेलें नाहीं. हें वाचून आमच्या मुलांस राग येतो. तो येणें योग्यच आहे. फक्त दुसऱ्याच्या चेहऱ्याखालीं आपण लिहितों तेव्हांही त्या रागाची आठवण राहावी.

येथवर वाचून कांहीं पालक म्हणतील, "मग हा उद्योग सरसकट बंदच कां करीत नाहीं?" आमच्याच शिक्षकवर्गांत तशी सूचना आली होती. आम्ही तिच्या विरुद्ध आहों. बंदी घातल्यानें विनोद थांबत नाहीं. तो अंधारांत जातो, आणि अंधारांतला विनोद नेहमीं अधिक विषारी असतो. शिवाय बंदीची दोरी एकदां हातीं आली कीं ती कोणाच्या गळ्यांत पडेल याचा नेम नसतो. २०१२ च्या एप्रिलांत कोलकात्यांतील जाधवपूर विद्यापीठाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांस एक चित्र इतरांस पाठविल्याबद्दल अटक झाली. त्या चित्रांत राज्याच्या मुख्यमंत्र्यांची थट्टा होती, आणि ती सत्यजित राय यांच्या 'सोनार केल्ला' या चित्रपटांतील प्रसंगावर बेतलेली होती. ज्या कलमाचा आधार त्यांत घेतला होता तें ६६ अ हें कलम सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं रद्द ठरविलें. तरी प्राध्यापकांची त्या खटल्यांतून पूर्ण सुटका होण्यास २०२३ चा जानेवारी उजाडला. एका हंसण्यासाठीं जवळजवळ अकरा वर्षें!

यावर कोणी चतुर विद्यार्थी विचारील, "तुमची कसोटी तर मंत्र्यासही लागूं पडेल, त्यांच्यापुढें ओळ वाचण्याचें धैर्य नसेल तर ती लिहूं नये काय?" प्रश्न रास्त आहे. आमचें उत्तर असें कीं, तोंडांतून शब्द न फुटण्याचीं कारणें दोन असतात, एक भीति आणि दुसरी लाज. बलिष्ठापुढें जीभ अडखळते ती भीतीनें. ती भीति झुगारून ओळ लिहिणें हें धैर्याचें काम आहे, आणि मराठी विनोदानें तें पुष्कळदां केलेलें आहे. दुर्बळापुढें जीभ अडखळते ती लाजेनें. आणि ती लाज झुगारून देण्यांत कोणतेंही धैर्य नाहीं. त्या रविवारीं आमच्या विद्यार्थ्यास आजींची भीति वाटत नव्हती. वाळूवर बसून दोन पैसे मिळविणारी म्हातारी त्याचें काय वांकडें करणार होती? त्यास लाज वाटली, आणि ती वाटली म्हणूनच त्याच्याविषयीं आम्हांस आशा आहे.

यासाठीं आमची सूचना अशी आहे. शाळेच्या फलकाशेजारीं एक चौकट असावी. दर पंधरवड्यास तींत एक चित्र लावावें, आणि ज्यास सुचेल त्यानें त्याखालीं ओळ लिहावी. चित्र माणसाचें असेल तर त्याची परवानगी अगोदर घ्यावी. ओळीखालीं लिहिणाराची सही असावी. कारण निनावी हात जें सहज लिहितो तें सही करणारा हात दोनदां वाचून पाहतो. आणि महिनाअखेर सर्व ओळी मोठ्यानें वाचाव्या, शक्य तर चित्रांतील व्यक्तीसमोर. मराठीचा तास त्या दिवशीं वायां गेला असें आम्ही मानणार नाहीं. थोडक्या शब्दांत पुष्कळ सांगणें, शब्दाचा तोल ओळखणें, ऐकणाऱ्याचें मन जाणणें, हें व्याकरणाच्या पुस्तकापेक्षां येथें लवकर शिकतां येतें.

राहतां राहिली आजींची गोष्ट. आम्ही निघण्याच्या वेळीं नातवानें धीर करून विचारलें, "आजी, पण त्या फोटोंत तूं खरंच काय ओरडत होतीस?" आजींनीं क्षणभर आठवून पाहिलें. एक गिऱ्हाईक मोठ्या सुरमईला अगदींच थोडे पैसे देऊं करीत होतें, त्यास त्या म्हणाल्या होत्या, "येवढ्या पैशात म्हावरं नाय मिलत, म्हावऱ्याचा फोटू मिलल!" सहाही मुलें खो खो हंसूं लागलीं. सबंध वर्गानें चार दिवस डोकीं खाजवून लिहिलेल्या सर्व ओळींहून ही सरस होती, आणि ती चित्रांतच होती. फक्त कोणीं विचारलें नव्हतें.

पुढील पानावर आम्हीं पहिल्या चौकटीचें चित्र छापलें आहे. लिलावाच्या वेळीं पोटापर्यंत पाण्यांत उभा राहून होडीची वाट पाहणारा हा बैल हर्णे बंदरांतलाच आहे. त्याची परवानगी घेणें आम्हांस साधलें नाहीं. त्याच्या धन्याची घेतली आहे. ओळी सहीनिशीं मराठी विभागाकडे द्याव्या. परीक्षक होण्याचें आजींनीं कबूल केलें आहे. मात्र संध्याकाळीं लिलाव चालू असतां त्यांच्याकडे कोणीं जाऊं नये.